नळाची सरासरी

आमची घंटा नळात असते.
पहाटे तीनला आधी तो खोकतो,
मग नुसती हवा, मग गढूळ, मग पाणी,
आणि साखर पेठेतली आख्खी बोळ एकाच बातमीनं उठते:
नळ आला! नीळ्ळु वच्चिनै! नीरु बंतु! पानी आया, उठो!
अंबुजा डोळे मिटूनच भाषा मोजते. चार.
तिरू घागरीला कान लावून बसतो,
आत चढत जाणारा सूर ऐकतो,
आणि पाणी गळ्याशी आलं की ओरडतो, "काढ!"
हे कुठल्या विषयात धरायचं
मला अजून ठरवता आलेलं नाही.

दोन वर्षं झाली, दोघांना शाळेतून काढलं.
कारण मी माणूस बघून सांगते.
शेजारच्या इरम्माला: रिक्षाचे पैसे.
सासऱ्यांना: तिरू अडखळतो, पोरं हसतात.
स्वतःला अजून नीट सांगितलेलं नाही.
दहावीला मी भूमितीत गेलेली.
आता पोरं झोपली की टॉवेलांची शिलाई बाजूला सारून
तेच प्रमेय पुन्हा काढते,
सकाळी जन्मापासून येत असल्यासारखं सांगायला.

हे लूमवरून जॅकार्डचे जुने पुठ्ठे आणतात.
भोक असलं की धागा वर, नसलं की खाली.
तिरूला अजून जोडाक्षरं येत नाहीत,
पण पुठ्ठा खिडकीतल्या उन्हात धरून
तो बोट ठेवतो, "इथं मोर मान वळवतो."
अडखळत नाही.

जूनमध्ये पालिकेच्या बाई आल्या,
डोक्यावर ओला रुमाल, हातात शाळाबाह्य मुलांची यादी.
अंबुजानं तांब्या पुढं केला,
"तिसऱ्या दिवसाचं पाणी आहे, चालेल ना?"
बाई दोन तांबे प्यायल्या.
कारण: स्थलांतर, आजार, मजुरी, इतर.
"बाई, शाळाबाह्य म्हणजे शाळेच्या बाहेरचे,
मग शाळेतल्यांना घरबाह्य म्हणता का?"
मी डोळे वटारले. बाई हसल्या नाहीत,
त्या भिंत बघत होत्या.
तिथं कोळशानं: ४, ५, ४, ६, ५.
"हे काय गं?"
"नळ किती दिवसांनी आला ते. सरासरी चार पूर्णांक आठ दशांश."
"म्हणजे चार दिवस आणि?"
"एकोणीस तास, बारा मिनिटं."
बाईंनी फॉर्मच्या पाठीमागं गुणाकार केला,
माझ्याकडं न बघता.
'इतर'वर खूण केली,
पुढची रेघ मोकळीच ठेवली.

त्या रात्री अंबुजा म्हणाली,
"आमच्या वह्या तू तपासतीस. तुझी कोण तपासतं?"
माझी वही एकच, शिलाईच्या हिशोबाची.
दिली.
लाल पेन घेऊन ती मांडी घालून बसली,
ओठ हलवत, एका डझनाला नऊ रुपये धरून.
सतरा डझन. मी लिहिलेलं एकशे त्रेचाळीस,
शेठनंही तेवढेच दिलेले.
तिनं त्रेचाळीसवर गोल केला
आणि बाजूला, मी लिहिते तसंच, लिहिलं:
पुन्हा करून बघ.

दहा रुपये शेठकडून आणायला गेले नाही.
जायला हवं होतं, ते तिनं तीनदा सांगितलं.
चौथ्यांदा तीच गेली,
कडक भाकरीचा तुकडा चघळत, वही काखेत मारून,
आणि परत आली ती दहाची नोट घेऊन, गप्प.
शेठ काय म्हणाला ते सांगेना.
एवढंच विचारलं,
"आई, मजुरी म्हणजे त्या फॉर्मवरची तीच का?"

मी भाकरी उलटली. जळाली.

नळ ह्या वेळी सरासरीला आलाच नाही.
एकोणीस तास झाले, बारा मिनिटं झाली,
तिरू कोरड्या घागरीला कान लावून बसलेला,
इरम्मा दारात, "काय करालाय बे हे पोरगं?"
पहाटे, सातव्या दिवशी, तो खोकला.
अंबुजानं घागर लावायच्या आधी कोळसा शोधला,
पाचच्या पुढं ७ लिहिला,
आणि पाणी बाहेर सांडत असताना
नवा भागाकार मांडायला लागली.